वेक बेट, डिसेंबर १९४१ : तोफा होत्या, डोळे नव्हते

कालिंदी (धागाकर्ती)

गेले दोन-तीन महिने घरात निजानीज झाली की मी एकाच बेटाचा नकाशा उघडून बसते आहे. वेक. पॅसिफिकच्या पार मध्यात, होनोलुलूपासून पश्चिमेला सुमारे ३,७०० किलोमीटरवर. आपण शाळेच्या भूगोलात कंकणाकृती प्रवाळद्वीप शिकलो, त्यातलं हे एक. मधलं मोठं वेक आणि त्याच्या दोन टोकांना विल्क्स आणि पील अशी दोन छोटी बेटं. तिन्ही मिळून सात चौरस किलोमीटर जमीन, आणि सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून सहा-साडेसहा मीटर. झरा नाही, विहीर नाही. खुरटी झुडपं, प्रवाळाचा चुरा आणि समुद्रपक्षी. १९३५ पासून पॅन अमेरिकन कंपनीची पाण्यावर उतरणारी विमानं पीलवर मुक्काम करत, प्रवाशांसाठी तिथे एक छोटं हॉटेलही होतं. १९४१ मध्ये अमेरिकन नौदलाने या बेटावर धावपट्टी आणि तळ बांधायला काढला होता. सुमारे साडेअकराशे बांधकाम कामगार तिथे राबत होते, आणि त्यांच्या जोडीला ४४९ मरीन सैनिक (मरीन म्हणजे नौदलाच्या जोडीने जमिनीवर लढणारं अमेरिकन दल), साठ-सत्तर नौसैनिक आणि भूदलाचे पाच संदेशवाहक एवढी शिबंदी.

या शिबंदीकडे काय काय होतं ते नीट लिहिते, कारण मला बोलायचं आहे ते त्याबद्दलच.

किनाऱ्याच्या बचावाला सहा पाच-इंची तोफा. जुन्या युद्धनौकांवरून उतरवलेल्या. दोन-दोनच्या तीन तुकड्या: एक वेकच्या दक्षिण टोकाला पीकॉक पॉइंटवर, एक विल्क्सवर, एक पीलवर. विमानांवर मारा करायला बारा तीन-इंची तोफा. त्याशिवाय विमानविरोधी १८ जड मशीनगन आणि किनाऱ्यासाठी ३० हलक्या. सैनिकांच्या हातात पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या स्प्रिंगफील्ड बंदुका. आणि ४ डिसेंबरला एंटरप्राइज या विमानवाहू नौकेवरून उडून आलेली बारा वाइल्डकॅट लढाऊ विमानं.

यादी वाचून वाटतं, बरंच होतं की. मलाही तसंच वाटलं. मग एकेका तोफेपाशी माणसं किती होती ते पाहायला लागले, आणि तिथेच अडकले. मरीन दलाच्या एका पूर्ण 'डिफेन्स बटालियन'मध्ये साडेनऊशेच्या आसपास माणसं लागत. वेकवर त्या बटालियनची चारशेही नव्हती. विल्क्सवरच्या तीन-इंची तोफांच्या तुकडीला तर माणसंच नव्हती. बारा विमानविरोधी तोफांच्या तीन तुकड्यांपैकी नेमाची पूर्ण साधनं फक्त एकीकडे. दुसऱ्या तुकडीला येणाऱ्या विमानांची उंची पहिल्या तुकडीकडून टेलिफोनवर विचारून घ्यावी लागे. रडार नव्हतं. एक पोलादी पाण्याची टाकी होती, सुमारे पंधरा मीटर उंच. तिच्यावर चढून एक माणूस क्षितिज न्याहाळायचा, हाच त्यांचा इशारा देणारा विभाग.

८ डिसेंबरला (जपानने हवाईतल्या पर्ल हार्बर या अमेरिकन तळावर हल्ला केला तो हाच दिवस; वेक तारखेच्या रेषेपलीकडे असल्यामुळे तिथे तेव्हा ७ तारीख होती) दुपारी बाराच्या सुमाराला मार्शल बेटांवरून आलेली तीस-पस्तीस जपानी बॉम्बफेकी विमानं ढगांच्या आडून खाली उतरली. किनाऱ्यावरच्या लाटांची गाज इतकी मोठी की इंजिनांचा आवाज कुणाला आलाच नाही. चार वाइल्डकॅट गस्तीवर होती, दुसऱ्याच बाजूला. जमिनीवरच्या आठपैकी सात जळून गेली, आठव्याची मोडतोड झाली. दहाएक मिनिटांत हवाई बळ बाराचं चार-पाचावर आलं.

आणि तरीही तीनच दिवसांनी, ११ डिसेंबरच्या पहाटे, याच लोकांनी जपानी नौदलाचा एक पूर्ण ताफा परतवून लावला. त्यावर पुढच्या प्रतिसादात लिहिते. एकदम सगळं लिहिलं तर वाचणार नाही कुणी.

दर्याकिनारा

लिहा लिहा, वाचतोय.

गाजेबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. मी बावीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली. लक्षद्वीपच्या मिनिकॉयजवळून किती वेळा गेलो त्याची गणती नाही. तेही असंच प्रवाळद्वीप. दुरून जमीन दिसतच नाही, आधी दीपगृह आणि नारळाचे शेंडे दिसतात, जणू झाडं पाण्यातच उगवली आहेत. वेकवर तर नारळही नाहीत म्हणता. म्हणजे जहाजावरून बेट शोधणं अवघड, हे झालं एक. पण बेटावरून बाहेर पाहणाऱ्याचीही तीच गत. डोळा पाण्यापासून दोन मीटरवर असेल तर क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर. पंधरा मीटरच्या टाकीवर चढलात तर साधारण चौदा. त्या टाकीचं मोल किती होतं ते यावरून कळेल. आणि प्रवाळाच्या कड्यावर फुटणारी लाट रात्रंदिवस थांबत नाही. बेटावर झोपणाऱ्याला ती काही दिवसांनी ऐकू येईनाशी होते, पण बाकीचे आवाज ती गिळतच असते.

मीनल

पाच-इंची म्हणजे तोफेची लांबी का? प्रश्न बाळबोध असेल, पण खरंच माहीत नाही.

निवृत्त तोफची

मीनलताई, प्रश्न बरोबर जागी विचारलात. पाच इंच म्हणजे नळीच्या तोंडाचा व्यास, १२७ मिलिमीटर. लांबी वेगळी सांगतात. वेकवरच्या तोफा 'पाच इंची, ५१ कॅलिबर' अशा होत्या. म्हणजे व्यासाच्या एक्कावन्न पट लांब नळी, साधारण साडेसहा मीटर. गोळ्याचं वजन सुमारे २३ किलो, आणि नळीतून सुटताना वेग सेकंदाला ९६० मीटरच्या आसपास. तो काळ लक्षात घेता हा वेग फार मोठा आहे. गोळा वेगळा, दारूची पिशवी वेगळी. आधी गोळा आत ठोकायचा, मग पिशवी, मग मागचं दार बंद. प्रत्येक हाताला आपलं काम ठाऊक हवं.

मी देवळालीला तोफखान्यात शिकलो, पुढे शिकवलंही. आमची सगळी शिकवण डोंगराआडून, न दिसणाऱ्या लक्ष्यावर मारा करण्याची. वेकवरच्या तोफांचं काम उलट. लक्ष्य समोर, उघड्यावर, पण हलतं. जुन्या युद्धनौकांवर या तोफा बसवल्या होत्या त्या मुळात अंगावर धावून येणाऱ्या टॉर्पिडो नौकांना उडवायला. म्हणजे जवळच्या, चपळ लक्ष्यासाठीच घडवलेलं हत्यार हे. किनाऱ्यावर आणून वाळूच्या गोण्यांत बसवलं तरी त्याचा स्वभाव तोच राहिला. कालिंदीताई, ११ तारखेबद्दल लिहाल तेव्हा अंतर किती होतं ते जरूर सांगा. सगळी गोम तिथे आहे.

कालिंदी

काका, अंतरावरच येते.

११ डिसेंबर. रिअर अ‍ॅडमिरल काजिओका यांचा ताफा पहाटे दक्षिणेकडून आला. युबारी ही त्यांची क्रूझर (विनाशिकेपेक्षा मोठी युद्धनौका), तेन्र्यू आणि तात्सुता या आणखी दोन जुन्या क्रूझर, सहा विनाशिका, सैन्य उतरवायला दोन गस्तीनौका आणि दोन वाहतूक जहाजं. उतरणारे सैनिक सुमारे साडेचारशे.

बेटावरच्या मरीन दलाचे प्रमुख होते मेजर जेम्स डेव्हरो, आणि साऱ्या बेटाचे प्रमुख नौदलाचे कमांडर विनफील्ड कनिंगहॅम. हुकूम एकच: सांगितल्याशिवाय एकही तोफ डागायची नाही. युबारीने लांबूनच मारा सुरू केला. ती किनाऱ्याला समांतर एक फेरी मारायची, वळून थोडी जवळ यायची, पुन्हा फेरी. बेटावर तेलाच्या टाक्या पेटल्या. तोफांवरचे लोक झुडपांची आवरणं न काढता पडून होते, आणि टेलिफोनवर पुन्हा पुन्हा एकच प्रश्न: आता डागू का? उत्तर तेच. नाही.

युबारी साडेचार हजार यार्डांवर, म्हणजे चार किलोमीटरच्या जरा पुढे आली तेव्हा हुकूम सुटला. पीकॉक पॉइंटवरून लेफ्टनंट बार्निंजर यांच्या तुकडीने तिच्यावर मारा केला आणि ती धुराचा पडदा सोडत मागे फिरली.

पण माझा जीव गुंतला आहे तो विल्क्सवरच्या तुकडीत. आदल्याच दिवशी, १० तारखेच्या बॉम्बफेकीत विल्क्सवर बांधकामासाठी साठवलेला सुमारे १२५ टन सुरुंगाचा साठा उडाला होता. झुडपं सपाट झाली. या तुकडीचा अंतरमापक आणि नेमाची बाकीची साधनं गेली. तोफा तेवढ्या शाबूत. लेफ्टनंट मॅकअ‍ॅलिस्टर यांच्याजवळ अंतर मोजायला साध्या डोळ्यांपलीकडे काही उरलं नव्हतं. समोर तीन विनाशिका आल्या. पुढची हायाते. चार हजार यार्डांवरून त्यांनी अंदाजाने डागायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या की चौथ्या फैरीनंतर हायातेच्या पोटात दारूगोळा फुटला. दोन तुकडे होऊन ती बुडाली. १६० हून अधिक माणसं होती तिच्यावर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाच्या हातून बुडालेली ही पहिली जपानी युद्धनौका, आणि ती बुडवली किनाऱ्यावरच्या, अंतरमापक गमावलेल्या तोफांनी. तोफेवरची पोरं आनंदाने ओरडायला लागली, तेव्हा त्यांच्या सार्जंटने दरडावून त्यांना पुन्हा कामाला लावलं, कारण मागच्या दोन विनाशिका अजून समोर होत्या.

निवृत्त तोफची

आता मी सांगतो डोळ्याने कसं साधलं.

अंतरमापक म्हणजे एक लांब आडवी नळी, दोन टोकांना भिंगं. दोन्ही टोकांतून दिसणारी चित्रं जुळवली की कोन मिळतो, कोनावरून अंतर. तो नसेल तर काय करायचं? एक फैर डागायची आणि पाण्याचा कारंजा कुठे उडतो ते पाहायचं. जहाजाच्या पलीकडे उडाला तर पल्ला जास्त झाला, 'ड्रॉप चारशे'. पुढची अलीकडे पडली तर 'अ‍ॅड दोनशे'. लांब आणि आखूड यांच्या मध्ये लक्ष्य पकडायचं. आम्ही याला ब्रॅकेट म्हणतो.

हे लांबच्या अंतरावर फार वेळ खातं, कारण गोळा वरून तिरका खाली येतो. पल्ल्यात शंभर मीटरची चूक झाली तर गोळा जहाजावरून जातो नाहीतर आधीच पाण्यात पडतो. पण चार किलोमीटरवर, आणि ९६० मीटर वेगाने? गोळा पाच-सहा सेकंदांत पोहोचतो आणि त्याची वाट जवळजवळ सपाट असते. तेव्हा शंभर मीटरची चूक पोटात घातली जाते: थोडा चढा निघाला तर वरच्या बांधकामावर बसेल, थोडा उतरता निघाला तर कुशीत. डेव्हरोंनी तासभर मार खात थांबवून ठेवलं त्याचं फळ हेच. लांबच्या लढाईत युबारीच वरचढ ठरली असती. तिला जवळ येऊ दिलं तेव्हा नेमाच्या यंत्रांची उणीव निम्मी भरून निघाली. बरं, समोर आग ओकणारं जहाज असताना डागायचं नाही हे तोफेवरच्या माणसाला किती जड जातं, हे मी फक्त सरावात अनुभवलंय. तिथे तर शेजारी तेलाच्या टाक्या जळत होत्या.

अनिरुद्ध_स

धागा उत्तम. पण विमानांना श्रेय कमी देताय. त्याच सकाळी किसारागी बुडाली ती वाइल्डकॅटमुळे.

कालिंदी

कमी नाही देत, लिहायचं राहिलं होतं. बरं झालं काढलंत.

कॅप्टन हेन्री एलरॉड यांनी परतणाऱ्या किसारागीवर बॉम्ब टाकला. बॉम्ब केवढा, तर शंभर पौंडी, पंचेचाळीस किलोचा. एवढ्याने विनाशिका बुडत नाही. पण तिच्या पाठीवर पाणबुड्यांवर टाकायचे स्फोटक पिंप रचून ठेवले होते. थोड्या वेळाने ते फुटले आणि ती १५७ माणसांसह गेली. एकही वाचला नाही.

आणि तो बॉम्ब विमानाला लागला कसा, ते अधिक महत्त्वाचं वाटतं मला. बेटावरचे बॉम्ब वाइल्डकॅटच्या पंखाखालच्या पकडींत बसतच नव्हते. कॅप्टन फ्रूलर यांनी तिथल्या तिथे जुगाड करून ते बसवले. या विमानांच्या इंधनाच्या टाक्यांना संरक्षण नव्हतं, सोबत दुरुस्तीच्या पुस्तिका नव्हत्या, आणि सुटे भाग होते ते पहिल्याच दिवशी जळालेले. लेफ्टनंट किनी, सार्जंट हॅमिल्टन आणि नौदलाचा हेसन नावाचा यंत्रज्ञ, हे तिघे मोडक्या विमानांचे तुकडे जोडून रोज सकाळी दोन-तीन उडती विमानं उभी करायचे. एका विमानाचं इंजिन दुसऱ्यात, दुसऱ्याचा पंखा तिसऱ्यात. २२ डिसेंबरला शेवटची दोन वाइल्डकॅट विमानवाहू नौकांवरून आलेल्या विमानांशी भिडली, एक परतलं नाही, दुसरं जखमी वैमानिकासह कसंबसं जमिनीवर आदळलं. मग उरलेले वैमानिक आणि यंत्रज्ञ बंदुका घेऊन पायदळात सामील झाले.

पीलवरच्या तोफांचं राहिलं. लेफ्टनंट केसलर यांच्या दोनपैकी एक तोफ त्या सकाळी बिघडली, तर तिची माणसं दुसरीवर गोळे वाहायला धावली, आणि एकाच तोफेने त्यांनी यायोई या विनाशिकेवर नेम लागू केला. काजिओका परत फिरले. जपानचे तीनशेहून अधिक मेले. किनाऱ्यावरच्या तोफांवर एकही मरीन दगावला नाही.

मीनल

अंगावर काटा आला. मग पुढे हरले कसे? आणि त्या साडेअकराशे कामगारांचं काय? त्यांचं युद्धच नव्हतं ते.

पावणेतीन

मीनल, कामगारांचं धागाकर्ती सांगतीलच. मध्ये एक आपल्या बाजूची गोष्ट घालतो, कारण दूरच्या बेटावरची शिबंदी म्हटलं की मला तीच आठवते. हिंदी महासागरातलं ख्रिसमस बेट, जावाच्या दक्षिणेला, फॉस्फेटच्या खाणींचं. तिथे ब्रिटिशांची एकच सहा-इंची तोफ होती आणि ती चालवणारे जवान हिंदी होते, पंजाबकडचे, हाँगकाँग-सिंगापूर तोफखान्यातले. सिंगापूर फेब्रुवारी १९४२ मध्ये पडलं. १० मार्चच्या रात्री या जवानांतल्या काहींनी बंड केलं. कॅप्टन विल्यम्स आणि चार ब्रिटिश सैनिक मारले गेले. ३१ मार्चला जपानी उतरले तेव्हा तोफेने त्यांच्यावर एकही गोळा टाकला नाही. युद्धानंतर पकडलेल्यांना फाशी सुनावली होती, ती पुढे भारत आणि पाकिस्तानच्या सरकारांनी रदबदली केल्यावर जन्मठेपेवर आली. तोफ अजून बेटावर आहे.

वेकच्या तोफांमागे साधनं कमी आणि माणसं एकजीव होती. ख्रिसमसवर माणसांचं आणि अधिकाऱ्यांचं नातंच तुटलेलं. कुणाच्या साम्राज्यासाठी मरायचं, हा प्रश्न त्या जवानांपुढे होता, वेकवरच्या मरीनपुढे नव्हता. एवढंच म्हणायचं होतं.

निवृत्त तोफची

पावणेतीन, हे लिहिलंत ते बरं केलंत. तोफेमागच्या माणसाचं मन हाही दारूगोळाच असतो.

कालिंदी

खरं आहे. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. तिच्यावर वेगळा धागा काढा, मी वाट पाहीन.

मीनल, कामगारांबद्दल. ते नागरिक होते, त्यांच्यावर लढायची सक्ती नव्हती. पुष्कळसे झुडपांत खड्डे करून लपले, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण काहीशे जण पुढे आले. माणसांविना पडलेल्या तोफांपैकी पीलवरची एक सार्जंट बाउशर यांनी निव्वळ कामगारांच्या हाताने चालवली. सुतार, ट्रकचालक, गवंडी. आणि दुसरं काम त्याहून मोठं. रोज दुपारी बॉम्बफेकी विमानं येत, जाताना छायाचित्रं काढत. म्हणून विमानविरोधी तोफा रात्रीतून हलवायच्या. मोठ्या तोफा, दारूगोळा, वाळूच्या गोण्या, सगळं कामगारांच्या ट्रकांवर घालून पहाटेपर्यंत नव्या जागी मांडायचं. पीकॉक पॉइंटजवळच्या तुकडीने आपल्या जुन्या जागी लाकडाच्या खोट्या तोफा उभ्या केल्या होत्या. १० तारखेला बॉम्ब नेमके त्या लाकडांवर पडले.

दिवसा मार, रात्री हमाली, असे पंधरा दिवस. झोप नाही. उंदरांचा सुळसुळाट, अतिसार.

आता हरले कसे.

पर्ल हार्बरहून परतणाऱ्या ताफ्यातल्या हिर्यू आणि सोर्यू या दोन विमानवाहू नौका वेककडे वळवल्या गेल्या. चार मोठ्या क्रूझर आल्या. आणि काजिओका ११ तारखेचा धडा शिकून आले. या वेळी उजेडात तोफांसमोर यायचंच नाही. २३ डिसेंबरच्या रात्री, पावसाच्या सरी आणि वारा असताना, त्यांनी दोन गस्तीनौका सरळ दक्षिण किनाऱ्याच्या प्रवाळावर चढवल्या आणि माणसं उतरवली. पाच-इंची तोफांना अंधारात दिसतच नव्हतं. ज्या हत्याराने पहिली लढाई जिंकली ते दुसऱ्या लढाईत जवळपास गप्प राहिलं.

त्या रात्री खरं काम केलं ते एका तीन-इंची तोफेने. विमानविरोधी तोफ, पण किनाऱ्याजवळच्या उंचवट्यावर ठेवलेली आणि माणसांविना पडलेली. लेफ्टनंट हॅना, कॉर्पोरल होलविन्स्की आणि दोन-तीन कामगार धावत तिच्यापाशी गेले, नळी आडवी केली आणि साध्या डोळ्याने नेम धरून समोर रुतलेल्या गस्तीनौकेत एकामागून एक गोळे घातले. नौका पेटली. तिच्या आगीचा उजेड किनाऱ्यावर पडला आणि मशीनगनवाल्यांना उतरणारी माणसं दिसली. मग सगळा हल्ला त्या तोफेवर वळला. तिला वाचवायला विमानांच्या तुकडीचे प्रमुख मेजर पटनम आपले वैमानिक-यंत्रज्ञ घेऊन तिथे पोहोचले. एलरॉड तिथेच पडले. हॅनाबरोबरचे दोन कामगारही.

अनिरुद्ध_स

रडार असतं तरी काय फरक पडला असता? दोन विमानवाहू नौका आणि दीड हजार सैनिक आल्यावर निकाल ठरलेलाच होता. तुमचं शीर्षक मला म्हणून थोडं पटत नाही.

कालिंदी

अनिरुद्ध, बेट शेवटी पडलंच असतं, हे मी मान्य करते. पण त्या सकाळी ते का पडलं, ते पाहा.

बेटावरच्या टेलिफोनच्या तारा बऱ्याच ठिकाणी जमिनीवरूनच गेलेल्या होत्या. प्रवाळ खणायला यंत्रं आणि वेळ लागतो, दोन्ही धावपट्टीच्या कामात होतं. २३ च्या पहाटे एकेक तार तुटत गेली. विल्क्सकडून काही कळेना. डेव्हरोंनी धरलं की विल्क्स पडलं.

प्रत्यक्षात विल्क्सवर उलट झालं होतं. शंभराच्या आसपास जपानी तिथे उतरले. विल्क्सचा मोठा झोत-दिवा सुरुंगाच्या स्फोटात खिळखिळा झालेला, तो लागला आणि मिनिटभरात विझला. जपान्यांनी तीन-इंची तोफांची जागा घेतली. मग कॅप्टन वेस्ली प्लॅट यांनी दोन मशीनगन आणि हाताशी असलेले आठ-दहा बंदूकधारी घेऊन मागून चढाई केली, दुसरीकडून मॅकअ‍ॅलिस्टर आले, आणि उजाडेपर्यंत उतरलेल्यांपैकी जवळजवळ सगळे मारले गेले. विल्क्स जिंकलेलं होतं. पण हे सांगायला तार नव्हती.

कनिंगहॅम यांच्यासमोर मुख्य बेटावरचंच चित्र होतं, चारही बाजूंना जहाजं होती, आणि मदत येत नाही हे कळलेलं होतं. सकाळी त्यांनी शरणागतीचा निर्णय घेतला. डेव्हरो पांढरं फडकं फरशी पुसायच्या दांड्याला बांधून, जपानी अधिकाऱ्यांसोबत एकेका ठाण्यावर सांगत गेले. दुपारी विल्क्सवर पोहोचले तेव्हा प्लॅटची माणसं पुढच्या लढाईला निघालेली दिसली. जिंकलेल्या माणसांना बंदुका खाली ठेवायला सांगावं लागलं.

म्हणून शीर्षक तसं दिलं. पुरेशा तोफा होत्या असं मी म्हणत नाहीये. जेवढ्या होत्या त्यांना पाहणारे डोळे आणि एकमेकांना सांगणारी तोंडं नव्हती.

दर्याकिनारा

आणि मदतीचा ताफा? सॅराटोगा ही विमानवाहू नौका निघाली होती ना?

कालिंदी

निघाली होती. अ‍ॅडमिरल फ्लेचर यांचा ताफा, आणि त्यात टँजियर नावाचं जहाज. त्यावर आणखी मरीन, दारूगोळा, तोफांच्या नेमाची साधनं आणि रडारचे संच. म्हणजे वेकवर जे जे नव्हतं ते सगळं एकाच जहाजात होतं. ताफ्याबरोबरचं तेलवाहू जहाज धिमं, त्याच्या चालीने सगळे चालले. बेट सुमारे आठशे किलोमीटरवर असताना हवाईहून परत फिरायचा हुकूम आला. तेव्हा तिथे हंगामी प्रमुख होते व्हाइस अ‍ॅडमिरल पाय. आधीचे प्रमुख किमेल यांना दूर केलेलं, नवे प्रमुख निमित्झ अजून पोहोचायचे होते. उरलेल्या तीन विमानवाहू नौकांपैकी एक पणाला लावायची नाही, असं त्यांनी ठरवलं. तुम्ही दर्यावर्दी आहात, तुम्हाला काय वाटतं?

दर्याकिनारा

मला विचाराल तर, जहाजावर बसून मी त्यांना शिव्या दिल्या असत्या, आणि त्यांच्या खुर्चीत बसून बहुधा तोच हुकूम काढला असता. सहा महिन्यांनी मिडवेच्या लढाईत तीन विमानवाहू नौकांवरच सगळं उभं राहिलं, हे आज आपल्याला दिसतं. पण त्या ताफ्यावरच्या खलाशांना परत वळताना काय वाटलं असेल, ते मी समजू शकतो. संकटात सापडलेल्या जहाजाची हाक ऐकून तोंड फिरवणं आमच्या धंद्यात सर्वात वाईट.

हर्षद

'आणखी जपानी पाठवा' असा संदेश वेकवरून गेला होता म्हणतात ना?

कालिंदी

नाही. कनिंगहॅम आणि डेव्हरो दोघांनीही पुढे स्पष्ट नाकारलं. सांकेतिक संदेशाच्या मागेपुढे भरताड शब्द घालतात, त्यातून ते आलं असावं असं मानतात. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना ते फार आवडलं. बेटावरच्या लोकांना मात्र आणखी कुणी नको होतं. खरा संदेश २३ च्या पहाटेचा: शत्रू बेटावर आहे, निकाल अनिश्चित.

मीनल

कामगारांचं शेवटी काय झालं ते राहिलंच.

कालिंदी

टाळत होते, खरं सांगते.

सुमारे सोळाशे माणसं पकडली गेली. बहुतेकांना चीन आणि जपानमधल्या छावण्यांत नेलं. पण बांधकामाला हात हवेत म्हणून काही कामगार बेटावरच ठेवले, शेवटी ९८ उरले. ५ ऑक्टोबर १९४३ ला अमेरिकन विमानवाहू नौकांच्या विमानांनी बेटावर मोठा हल्ला केला. आता सैन्य उतरणार असं वाटून तिथले जपानी प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल साकाइबारा यांनी ७ ऑक्टोबरला त्या ९८ जणांना डोळे बांधून, किनाऱ्यावर बसवून मशीनगनने मारलं. एक जण निसटला. त्याने बेटांच्या मधल्या उथळ पाण्याजवळच्या प्रवाळाच्या खडकावर कोरून ठेवलं: ९८, युद्धकैदी, ५-१०-४३. पुढे तो सापडला आणि त्यालाही मारलं. कोण होता तो, कुणालाच कळलेलं नाही. खडक अजून तिथे आहे. साकाइबारांना १९४७ मध्ये ग्वामला फाशी झाली.

अमेरिकन सैन्य मात्र उतरलंच नाही. बेट तसंच वेढून ठेवलं. जपानी शिबंदीतली शेकडो माणसं अन्नाविना गेली. वेकवर एक पाणकोंबडीसारखा न उडणारा पक्षी होता, जगात दुसरीकडे कुठेच नाही. तोही त्या उपासमारीत खाऊन संपला. ४ सप्टेंबर १९४५ ला शिबंदी शरण आली.

लढलेल्या कामगारांना अमेरिकेने माजी सैनिकांचा दर्जा दिला तो १९८१ मध्ये. चाळीस वर्षांनी.

निवृत्त तोफची

ताई, एक विचारतो. त्या प्लॅट साहेबांचं पुढे काय झालं? जिंकून शरण जावं लागलेला अधिकारी, त्याच्याबद्दल जाणून घ्यायचं होतं.

कालिंदी

काका, पावणेचार वर्षं कैदेत काढून परत आले. पुन्हा मरीन दलातच राहिले, कर्नल झाले. सप्टेंबर १९५१ मध्ये कोरियात मारले गेले.